कपाटभर कान

आमच्या दुकानात पाट्या होतात. दुकानांच्या दारावर अंधार पडल्यावर उजळणारी अक्षरं असतात ना, ती. पुढे दुधी ॲक्रिलिक, मागे पत्रा, आत बारीक दिवे. बाबा गल्ल्यावर बसतात आणि गिऱ्हाइकाला जे हवं असतं ते सोडून त्याच्या भल्याचं जे असतं ते त्याच्या गळ्यात मारतात. मी मापं घेते, आराखडे काढते आणि बाबांनी दुखावलेल्या गिऱ्हाइकांची समजूत घालते. अक्षरं मात्र आत्या करते.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. केस पिकले तरी बाबा तिला अजून ‘छोटी’च म्हणतात. माझं लहानपण सरायच्या आधीच ती नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडे आली. बाबा म्हणाले, “छोटे, तुला इथे काय कमी आहे? बस आरामात.” ती काही दिवस आरामात बसली आणि आरामाला विटली. मग एका दुपारी खिडकीजवळच्या टेबलापाशी गेली, कारागिराच्या रजेचा फायदा घेऊन त्याची वायरी डागायची सोल्डरची कांडी उचलली आणि एका बेकरीचं विझलेलं अक्षर लावून दाखवलं. पुढे तो कारागीर दुसरीकडे गेला. टेबल आत्याचं झालं. ते तिला कोणी दिलं नव्हतं, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती.

आत्याचं इंग्रजी हा वेगळाच विषय आहे. शाळेत इंग्रजीच्या तासाला ती काय करत होती कोण जाणे, भाषा शिकली ती सगळी पाट्यांवरून. त्यामुळे तिच्या इंग्रजीत क्रियापदं नाहीत, विशेषणं नाहीत, नुसती दुकानंच दुकानं. टेलर, बेकरी, फार्मसी, ड्राय क्लीनर. त्यांतलं नसलेलं काही आलं की तिचं घोडं अडतं, आणि अडलं की ती मला हाक मारते, “भोंगे, इकडे ये.” भोंगा हे माझं नाव. मी हळू बोलते असा माझा समज आहे.

तिचा एक रिवाज आहे. नवी पाटी पहिल्यांदा लावायची वेळ आली की ती बटणावर बोट ठेवते आणि विचारते, “अर्थ सांग.” मी सांगते. ती तो अर्थ एकदा मोठ्याने म्हणते आणि मगच बटण दाबते. अर्थ कळल्याशिवाय दिवा लावणार नाही म्हणजे नाही, मग गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं का असेना. याला कारण आहे. टेबलावर नवी होती तेव्हा तिने मोठ्या हौसेने एका गृहस्थाला लाल-हिरवी, लुकलुकणारी, चारी बाजूंनी दिवे पळवणारी पाटी करून दिली होती. तो अंत्यविधीचं सामान विकणारा निघाला. त्याच्या दाराशी पहिल्या संध्याकाळी लहान मुलांची गर्दी जमली, आत जत्रेतला पाळणा आहे असं वाटून. तेव्हापासून आधी अर्थ, मग उजेड.

तर कानाच्या एका डॉक्टरांनी पाटी सांगितली. ई, ए, आर, इअर म्हणजे कान. तीनच अक्षरं, वीतभर उंचीची, पिवळसर उजेडाची. त्यांची भिंत भुसभुशीत होती, फार खिळे ठोकता येईनात, म्हणून आत्याने तिन्ही अक्षरं मागून एका पट्टीवर जोडली आणि तिघांना मिळून एकच वायर दिली. पाटी इतकी देखणी झाली की डॉक्टर रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि तिथून बराच वेळ स्वतःचाच दवाखाना बघत उभे राहिले. आत्याच्या डोक्यात हवा गेली. पुढचे दिवस कामाचे नव्हते, पाट्या कोणी करून घेत नव्हतं. हात रिकामा राहिला की तिला करमत नाही. तिने काय केलं, तर तसेच कान करत बसली. एक झाला, दुसरा झाला. आम्हाला पत्ता नाही. एके दिवशी मी पत्रा शोधायला कपाट उघडलं, तर आत खालपासून वरपर्यंत कानच कान. दोन डझन तरी असतील.

“आत्या, हे काय गं?”

“तयार करून ठेवलेत,” ती म्हणाली. “ही तीन अक्षरं फार ठिकाणी एकत्र येतात. मी बघितलंय. पुढेमागे लागतीलच.”

“पण शहरात कानांचे डॉक्टर आहेत किती?”

“डॉक्टर कशाला हवेत? शब्द आहेत ना.”

बाबांनी कपाट बघितलं आणि कपाळाला हात लावला. “छोटे, आता यांचा काय लिलाव पुकारू? कान घ्या, कान? वेगळी तरी कर ती अक्षरं.”

“वेगळी नाही होणार. एकच पट्टी, एकच वायर. तोडली की तिन्ही विझतील.”

बाबा रागावले नाहीत, हीच भीतीची गोष्ट होती. ते हळवे झाले. बाबा रागावले तर तासाभरात निवळतात, पण हळवे झाले की काहीतरी निर्णय घेतात. रात्रभर विचार करून ते सकाळी म्हणाले की छोटीचं वय झालं, डोळे थकले, बोटांना चटके बसतात, पाठ धरते, आणि आता हे असं भलतंच करून ठेवायला लागली, तेव्हा पुरे. हल्ली कापडावर छापलेल्या पाट्या निघाल्यात, त्यांचं मशीन घ्यायचं. मशीन खिडकीजवळ, टेबलाच्या जागी बसेल. छोटीने आराम करायचा. आणि हे सांगून होईपर्यंत टेम्पोतून आरामखुर्ची उतरलीसुद्धा. तपकिरी, गुबगुबीत, दांडी ओढली की पाय वर करणारी. प्लास्टिकच्या वेष्टनासकट ती कोपऱ्यात येऊन बसली आणि अर्धं दुकान अडवलं.

आत्या खुर्चीकडे बघत राहिली. “छान आहे,” म्हणाली, आणि कांडी तापवायला लागली. बाबांनी समाधानाने तिच्यासाठी चहा केला. दुकानात चहा बाबाच करतात, तिच्या कपात दोन चमचे साखर घालून टेबलावर ठेवतात. तिने नेहमीसारखा अर्धा प्यायला आणि उरलेला तसाच गार होऊ दिला. कामाच्या नादात चहा विसरायची तिची सवयच आहे.

बाबा बँकेत गेले तेव्हा मी टेबलापाशी गेले. तिने मान वर केली नाही. “भोंगे,” म्हणाली, “या घरात मला सगळं दिलेलं आहे. खोली दिलेली, कपडे दिलेले, आता खुर्चीही दिली. दादाने कधी हात आखडता घेतला नाही. पण हे टेबल तेवढं मी घेतलेलं आहे. तेही गेलं तर मी इथे पाहुणी.”

मला एकदम रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. “मग सांग ना बाबांना तसं!”

“सांगितलं. दोनदा सांगितलं. तो म्हणाला, ‘तू काळजी करू नकोस.’”

बाबा आल्यावर मी त्यांच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, आत्याने काहीतरी भलतंच केलं असं तुम्हाला वाटतं ना? हे कान मी खपवून दाखवते, सगळेच्या सगळे. मशीनवाला जागा मोजायला यायच्या आत कपाट रिकामं झालं तर टेबल राहील. बोला, कबूल?

बाबा हसले. एवढे कान खपतील असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसणार. “कबूल, मॅडम,” म्हणाले. मला ते मॅडम म्हणतात तेव्हा मला लहान समजतात.

आता, इंग्रजी माझं बरं आहे, पण एक त्रिकूट पकडून शब्द आठवायला बसलं की कळतं आपल्याला काय येतं ते. मी आणि आत्या टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. मी शब्द सांगायचा आणि अर्थ सांगायचा; आत्याने अर्थ ऐकून पसंत-नापसंत ठरवायचं.

“बिअर्ड,” मी म्हटलं. “दाढी.”

“बरोबर आहे. कानापासूनच सुरू होते.”

“पर्ल. मोती.”

“कानात घालतात.”

“आत्या, तसं नसतं. तो योगायोग आहे.”

“पुढे सांग.”

“हार्ट. हृदय.”

ती थांबली. “त्यातही आहे कान?”

“आहे. एच, मग आपला कान, मग टी.”

“बघ! डॉक्टर कानाला नळ्या लावूनच ते ऐकतात. तुझ्या शाळेत शिकवलं नसेल हे.” तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मला वाद घालवेना. फक्त एक गोष्ट तिच्या मनाला लागली. बिअर्डमध्ये ‘इअ’, पर्लमध्ये ‘अ’, हार्टमध्ये ‘आ’, बेअरमध्ये, म्हणजे अस्वलात, ‘एअ’. “तीच तीन अक्षरं, आणि ज्याच्या घरी जातात त्याच्यासारखं बोलतात,” ती म्हणाली. “सासरी गेलेल्या मुलीसारखं.” मग जरा वेळाने, “त्यांचं जमतं म्हणायचं.”

दुसऱ्या दिवसापासून मी पिशवीत एक कान आणि एक बॅटरी घेऊन रस्त्याला लागले. पहिला बळी आमचा कोपऱ्यावरचा न्हावी. त्याच्या दुकानावर नुसतं ‘सलून’ होतं. मी म्हटलं, तुमच्याकडे दाढी होते ना? तो म्हणाला, होते. मग तसं लिहिलंय कुठे? लोकांना कसं कळणार? तो म्हणाला, समोर खुर्चीत माणूस दिसतो की साबण फासलेला. मी कान लावून दाखवला. त्या पिवळ्या उजेडात त्याचा आरसा असा काही झळकला की बिचाऱ्याचं अवसान गळालं. आत्याने मागचंपुढचं एकेक अक्षर नवं केलं, मधे तयार कान बसवला, बटणावर बोट ठेवलं.

“अर्थ?”

“दाढी,” न्हावीच म्हणाला, माझ्या आधी. त्याला हा रिवाज फार आवडला.

मग गाडी सुटली. मोतीवाल्याने नाक मुरडलं, पण त्याची बायको म्हणाली की समोरच्या सोनाराकडे साधी पाटी आहे, तेव्हा आपली दिव्यांची हवीच. हृदयाच्या डॉक्टरांनी तीन शाखांसाठी तीन घेतल्या. शिकवणीच्या बाईंनी ‘लर्न’ घेतलं. आत्या म्हणाली, शिकायचं म्हणजे कान उघडे हवेतच, यात अर्थ सांगण्यासारखं काय आहे. गॅरेजवाल्याने ‘गिअर’ घेतलं. खेळणीवाल्याला ‘बेअर’ म्हणजे अस्वल हवं होतं, त्याने दोन्ही दारांवर दोन लावली. तयार कपड्यांच्या दुकानाने ‘वेअर’ घेतलं. कुंड्या आणि रोपं विकणाऱ्या बाईंनी ‘अर्थ’ घेतलं, तेव्हा टेबलापाशी मोठीच गंमत झाली.

“अर्थ सांग,” आत्या म्हणाली.

“अर्थचा अर्थ पृथ्वी. माती.”

“म्हणजे आपण वायरीला अर्थिंग देतो ते?”

“तेच. जमिनीत जाते ना ती वायर.”

आत्याने कांडी खाली ठेवली. “जन्मभर अर्थिंग देत आले, आणि त्याचा अर्थ आज कळतोय!” दिवसभर ती येईल त्याला हे सांगत होती. पोस्टमनलाही सांगितलं.

सगळ्यांत नखरेल गिऱ्हाईक जादूगार. त्याला त्याच्या रंगमंचावर ‘डिसअपिअर’ हवं होतं. मी अर्थ सांगितला, नाहीसं होणे. आत्याचं बोट बटणावरून मागे आलं. “नाहीसं झालेलं लोक कशाला बघायला येतील?” तिने विचारलं. जादूगार म्हणाला, बाई, मी माणूस नाहीसा करतो आणि परत आणतो. “मग परत आणलेलं कुठे लिहिलंय?” आत्याने मला शब्द फोडून सांगायला लावला. सुरुवातीची डी, आय, एस ही तीन अक्षरं काढली तर उरतं त्याचा अर्थ प्रकट होणे, हे कळल्यावर तिने त्या तिघांची वायर वेगळी केली आणि त्यांना वेगळं बटण दिलं. बटण दाबलं की माणूस नाहीसा, सोडलं की हजर. जादूगाराने तोंडात बोट घातलं. बाकीच्यांना तोंडात बोट घालायला लावणं हा त्याचा धंदा, पण त्या दिवशी त्याचीच पाळी होती.

बाबा हे सगळं गल्ल्यावरून बघत होते. गिऱ्हाईक वाढलं याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता, आणि पैज हरत चाललोय याची चिडचिडही. “अशी दगदग करून घ्यायचं वय आहे का तिचं?” ते मला म्हणायचे. मग उठून तिच्यासाठी चहा करायचे, दोन चमचे साखर घालून. एकदा तर तिच्या हातातली कांडी काढून घेऊन म्हणाले, “छोटे, जरा खुर्चीत बस.” ती बसली. दांडी ओढल्यावर तिचे पाय वर गेले आणि डोकं मागे, आणि ती छताकडे बघत म्हणाली, “दादा, दंतवैद्याकडे आल्यासारखं वाटतंय.” मी हसले. बाबा म्हणाले, “होईल सवय.”

कपाटाचा वरचा कप्पा रिकामा झाला, मग मधला, मग खालचा. एका संध्याकाळी मी मापं घेऊन परत येत होते. दिवे लागायची वेळ. न्हाव्याकडे, मोतीवाल्याकडे, डॉक्टरांकडे, शिकवणीच्या वरच्या मजल्यावर, एकेक करून पाट्या उजळल्या. शब्द वेगळे, पण प्रत्येकात ती तीन अक्षरं त्याच पिवळ्या उजेडाची, त्याच वळणाची. आत्याचा ‘ई’ किंचित मागे रेललेला असतो, गप्पा ऐकायला टेकलेल्या माणसासारखा. अख्ख्या रस्त्यावर तो रेलून बसला होता. मला इतका अभिमान वाटला की रस्ता ओलांडायचं विसरून मी मधेच उभी राहिले, आणि एका सायकलवाल्याने माझा उद्धार केला.

मशीनवाला यायच्या दिवशी सकाळी कपाटात एकच कान उरला होता. आणि त्यालाही गिऱ्हाईक तयार होतं. फळांचा रस विकणारा पलीकडच्या रस्त्यावरचा माणूस. त्याला ‘पेअर’ हवं होतं. पेअर म्हणजे नासपती. तो येणार म्हणून मी दार उघडतानाच गाणं म्हणत होते.

दोघेही एकदमच आले. मशीनवाल्याच्या हातात टेप, रसवाल्याच्या हातात आमच्यासाठी आणलेल्या रसाच्या बाटल्या. मशीनवाला टेबलाभोवती फिरून माप घ्यायला लागला. मी धावत जाऊन कपाटातून कान काढला आणि टेबलावर ठेवला.

“आत्या, हा शेवटचा. पुढे फक्त पी लावायचा. पेअर, नासपती, एक फळ, आणि त्याचा कानाशी संबंध तू लावशीलच.”

आत्याने कान उचलला, पदराने पुसला. “हा विकायचा नाही,” म्हणाली.

मला वाटलं ती गंमत करतेय. “कसला विकायचा नाही? आत्या, हा शेवटचा आहे!”

“म्हणूनच. हा मी पहिल्या दिवसापासून माझ्यासाठी ठेवलाय.”

मग माझा भोंगा सुटला. इतके दिवस उन्हातान्हात मी कोणासाठी फिरले? त्या मोतीवाल्याच्या बायकोचे टोमणे कोणासाठी ऐकले? आणि आता हा माणूस बाटल्या घेऊन दारात उभा आहे, तो टेप घेऊन टेबलाशी उभा आहे, आणि तुला कान जपून ठेवायचाय? टेबल जाईल, कळतंय का तुला? मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. रसवाल्याने बाटल्या हळूच जमिनीवर ठेवल्या. गल्ल्यावरून बाबा बघत होते. पैज जिंकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता, उलट ते जरा गोंधळलेच होते.

“एक राहिला, छोटे,” ते म्हणाले. “कबुली म्हणजे कबुली.”

“माहीत आहे,” आत्या म्हणाली.

तिने स्टूल ओढलं. ते गल्ल्यामागे, बाबांच्या खुर्चीपाशी नेलं आणि वर चढली. भिंतीत एक हूक होता. तो तिथे कधी ठोकला गेला ते मलाही ठाऊक नव्हतं. वायरही खालपर्यंत आणून ठेवलेली होती. तिने बाबांच्या डोक्यावर बरोबर मधोमध कान टांगला, हाताने सरळ केला, खाली उतरली आणि बटणावर बोट ठेवलं.

“दादा,” ती म्हणाली, “अर्थ सांग.”

“कशाचा?”

“याचा. अर्थ कळल्याशिवाय मी दिवा लावत नाही.”

बाबांनी मान वळवून वर बघितलं. “कान,” ते म्हणाले. “कान आहे. सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळ्या बाजाराला मी कान लावून दिले. न्हाव्याला, डॉक्टरला, त्या जादूगारालासुद्धा. मग माझ्या घरात एकही नको?” तिचा आवाज चढला नव्हता. “तू मला खुर्ची आणलीस. मशीन ठरवलंस. माझं वय ठरवलंस, माझी पाठ ठरवलीस. दादा, तू मला आयुष्यात एकदा तरी विचारलंस का, छोटे, तुला काय हवंय?”

मशीनवाल्याची टेप सर्रकन आत गेली.

बाबा खोटं बोलत नाहीत, हे त्यांचं मला आवडतं. त्यांनी गल्ल्यावरची वही मिटली. मग म्हणाले, “विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“हो.”

“म्हणून तर नाही विचारलं.”

रसवाल्याला हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात बुडवलं. मग मशीनवालाही खोकला. बाबा आधी लाल झाले आणि मग, देवाची शपथ, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “तू आलीस तेव्हा,” ते म्हणाले, “मी ठरवलं होतं, हिला आता कशाचाच त्रास होऊ द्यायचा नाही. काही विचारण्याचासुद्धा नाही.”

“तोच त्रास झाला, दादा.”

बाबांनी नाक पुसलं. घसा साफ केला. गिऱ्हाइकासमोर बोलावं तसं सरळ बसून म्हणाले, “बरं. विचारतो. छोटे, टेबल हवंय?”

“हवंय.”

“आणि खुर्ची?”

“नको.”

“मशीन?”

“मशीन आण की, मी कुठे नको म्हणतेय? छापील पाट्यांना गिऱ्हाईक आहे. पण माझ्या जागेत नाही.”

आत्याने बटण दाबलं. बाबांच्या डोक्यावर कान लागला. त्यांचं टक्कल पिवळं दिसायला लागलं, आणि मी इतका वेळ आवरलेलं सगळं रडू हसण्यातून बाहेर काढलं.

मग मशीनवाल्याने दुकानातली पुढची, गल्ल्याजवळची जागा मोजली. मशीनला बसायला बाबांचा लांबलचक गल्ला अर्धा कापावा लागणार होता. बाबांनी छातीवर दगड ठेवून हो म्हटलं. त्यांची लाकडी खुर्ची उरलेल्या गल्ल्यामागे मावेना, आणि आरामखुर्ची परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता, म्हणून हल्ली तिच्यात बाबाच बसतात, दांडी ओढून, पाय वर करून, कानाखाली. गिऱ्हाईक आलं की त्यांना उठता येत नाही, म्हणून त्याचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घ्यावं लागतं. धंदा वाढलाय.

रसवाल्याला त्या दिवशी आत्याने थांबवून घेतलं. “बसा,” म्हणाली, “नवीन करून देते. कान करायला मला वेळ लागत नाही.” त्याने तिला नासपतीचा आकार हाताने काढून दाखवला. ती म्हणाली, वरून निमुळतं, खाली गोल, म्हणजे कानाच्या पाळीसारखंच की. मी माप लिहून घेतलं.

ती काम करत असताना बाबा उठून चहा करायला गेले. कप आणून टेबलावर ठेवला, साखरेचा डबा उघडला, सवयीने चमचा भरला. आणि तसाच हातात धरून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं. ते कपाकडे बघत होते, आणि शेजारी कालच्या चहाचा कप होता, अर्धा, गार.

“छोटे,” ते म्हणाले, “साखर किती घालू?”

आत्याची कांडी थांबली. तिने मान वर केली. इतकी वर्षं एका घरात राहून मला ते माहीत नव्हतं, बाबांनाही नव्हतं.

“मी बिनसाखरेचा पिते, दादा,” ती म्हणाली.